अर्धी वडी

रोहिणीआत्यानं जन्मात कधी गोड वस्तू देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घातली नव्हती, आणि घरातल्या कुणाला घालू दिली नव्हती. वाढदिवसाचा केक असो नाही तर कोपऱ्यावरचं आइस्क्रीम असो, आधी देवघरापुढं पाण्याचं मंडल, त्यावर वाटी, मग बाकीची मंडळी. त्यामुळं मैथिलीच्या कॉलेजातून अभ्यासाच्या वड्या आल्या तेव्हा त्यांचंही तेच झालं. वड्या गोड होत्या, एवढं कारण आत्याला पुरेसं होतं.

"अगं आत्या, ते औषध आहे," मैथिली म्हणाली.

"असू दे की. देवाला काय औषध चालत नाही?"

नैवेद्याची वस्तू एकट्यानं खायची नाही, हाही त्या घरचा नियम. म्हणून रोज संध्याकाळी आत्या वडीचे दोन तुकडे करी, एक भाचीच्या तळहातावर ठेवी आणि दुसरा आपल्या तोंडात टाकी. कुणाच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पण पुढचं सगळं रामायण घडलं ते या अर्ध्या तुकड्यामुळं.

मैथिलीचे आईवडील नोकरीसाठी मस्कतला. मुलगी लहानपणापासून मिरजेत आत्याकडेच वाढलेली. आत्याचं साड्यांना पिको-फॉल करून द्यायचं छोटं दुकान, लग्न केलेलं नाही, शिक्षण दहावीपर्यंत. भोकरे तंत्र विद्यापीठात मैथिलीला जलअभियांत्रिकीला प्रवेश मिळाला तेव्हा आत्यानं गल्लीत पेढे वाटले. अर्थात आधी देवाला दाखवून.

त्या वड्यांमागचं शास्त्र एकदा समजून घेऊ, कारण सगळा अन्याय त्यातूनच निघाला. आपण काही शिकतो तेव्हा ते लगेच पक्कं होत नाही. मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या आधी सैल असतात. पुढच्या काही तासांत मेंदू नवी प्रथिनं तयार करतो आणि त्या जोडण्या घट्ट बसवतो. ही प्रथिनं झाली नाहीत तर शिकलेलं वाहून जातं. वडीतलं द्रव्य या कामाला जोर देई. वडी खाल्ल्यावर तासाभरात जे मनात शिरेल ते कायमचं बसे. शिवाय त्या तासात बसलेल्या प्रत्येक जोडणीवर वडी आपली एक रासायनिक खूण ठेवी. या खुणेची गरज मुलांना नव्हती. ती होती वडी बनवणाऱ्या कंपनीला.

वडी खाऊन धडा ऐकायचा आणि लगेच घरातल्या कुणाला तरी तो समजावून सांगायचा, अशी कॉलेजची पद्धत होती. पहिल्या वर्षी वड्यांवर शिकवला जाणारा विषय एकच, द्रवयांत्रिकी. आणि घरात ऐकायला होती एकटी आत्या.

आधी आत्या नुसती मान डोलवायची. मग एका संध्याकाळी दूध ढवळता ढवळता तिचा हात थांबला.

"मैथिली, हे बघ. मधलं दूध फिरतंय आणि कडेचं मागं राहतंय. तू काल म्हणालीस ते हेच नव्हं?"

"हेच की!" मैथिली उडालीच.

त्या दिवसापासून आत्याला नळाची धार, गटाराचं वळण, भातावरची वाफ, काही म्हणता काही गप्प बसू देईना. दहावीत गणितानं रडवलेल्या त्या बाईला पन्नाशीत कळलं, की आपल्याला कळतं. हा आनंद काय असतो हे ज्याला लहानपणापासून सगळं कळत आलंय त्याला सांगून समजणार नाही.

मैथिलीला मात्र मार्क बेताचे पडत होते. कारण तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग पुराचा धडा आला. नदीची पातळी, प्रवाहाचा वेग, पात्राचा उतार, आणि उदाहरण म्हणून आपल्याच कृष्णेचा एक जुना पूर. मैथिली आकडे सांगत होती आणि आत्या एकदम म्हणाली, "त्या पुरात मी नावेत होते."

"तू? कधी सांगितलं नाहीस ते."

"तू कधी विचारलंस?" आणि आत्या सांगू लागली. गल्लीत नाव आली तेव्हा ज्यानं त्यानं हाताला लागेल ते उचललं. शेजारच्या गजराकाकूंनी काय आणलं, तर गॅसचा लायटर. दागिने घरात, रेशनकार्ड घरात, आणि बाई मुठीत लायटर धरून नावेत बसलेली. शाळेत सगळ्यांना ठेवलं होतं, तिथंही मूठ सोडेना. लोक हसले. मग कुणीतरी शेगडी आणि सिलिंडर आणून दिला, आणि बघतात तर सगळ्यांच्या काड्यापेट्या भिजून लगदा झालेल्या. गजराकाकू उठल्या, पुढं आल्या, आणि टक्! सगळ्या गल्लीनं चहा प्यायला.

मैथिली हसत सुटली, मग तिनं धड्याची पानं पुन्हा चाळली.

"आत्या, धड्यात पाण्याची उंची आहे," ती म्हणाली. "लायटर कुठाय? नावेत कोण बसलं, कुणी काय उचललं, हे कुणी लिहिलंय?"

"कोण लिहिणार? गल्लीतल्या बायकांचं?"

"मी लिहिणार," मैथिली म्हणाली. "मला पाणी नाही मोजायचं आत्या. मला इतिहास शिकायचाय."

आत्यानं ते तिच्या तोंडावरच बघितलं. पोरगी कशापासून पळत नव्हती, कशाकडे तरी निघाली होती.

इतिहासाची शाखाही त्याच विद्यापीठात होती, आणि शाखा बदलण्याची परवानगी मिळाली. अट एकच, जुन्या शाखेच्या विषयातून माघार घ्यायची. त्याकरता विद्यापीठात एक माघार कक्ष होता. शाखा बदलायची शेवटची मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती, आणि मैथिलीचा नंबर लागला तो दुपारी. आत्या दुकान बंद करून सोबत गेली. दारातच दोघींचे फोन काढून घेतले. सही करायची, विषय रद्द, घरी जायचं, अशी आत्याची समजूत. मैथिली आत गेली आणि आत्या बाकावर बसून राहिली.

मैथिली बाहेर आली तेव्हा तिच्या दंडाला पट्टी होती आणि चेहरा झोपेतून उठल्यासारखा. तिच्यामागून कक्षाचे प्रमुख डॉक्टर शेडबाळे आले. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज.

"आपण रोहिणीताई? जरा आत येता? एक अडचण आहे."

अडचण अशी होती. कॉलेजनं मैथिलीला जेवढ्या वड्या दिल्या होत्या, त्याच्या निम्म्याच खुणा तिच्या डोक्यात सापडल्या होत्या. उरलेल्या गेल्या कुठं, असं विचारल्यावर पोरीनं सरळ सांगून टाकलं होतं, की देवाला दाखवून आत्यानं खाल्ल्या.

"खाल्ल्या तर खाल्ल्या," आत्या म्हणाली. "प्रसाद होता तो."

"प्रसाद!" शेडबाळ्यांनी डोळे मिटून घेतले. "ताई, तुमच्या या प्रसादापायी मुलगी मागे पडली. अर्धी वडी म्हणजे अर्धंच शिक्षण. म्हणून तिला मार्क नाहीत. आमच्या नोंदीत शाखा बदलण्याचं कारण 'अपयश' असं आहे."

हे मात्र आत्याच्या काळजाला लागलं. तिला वाटलं, खरंच का आपण पोरीच्या तोंडातला घास काढून खाल्ला? पण ती वेळ वाईट वाटून घ्यायची नव्हती, कारण शेडबाळे पुढं बोलतच होते. वडीच्या कंपनीकडून मिळणारा ज्ञानाचा परवाना माणशी असतो. मैथिलीनं जागा सोडली, तिचं काढून घेतलं. पण तिच्या नावावरचं निम्मं आत्याच्या डोक्यात आहे, विनापरवाना. ते परत मिळेपर्यंत जागा मोकळी झाली असं धरता येत नाही. ती मोकळी झाली नाही तर मैथिलीला नवी शाखा नाही, आणि जुनी तर तिनं सोडलेली.

"काढून घेतलं म्हणजे?" आत्यानं विचारलं. "काय काढून घेतलं?"

"विषय. तिला आता द्रवयांत्रिकी येत नाही."

आत्याचा आवाज चढला. "शिकलेलं परत मागता होय ओ तुम्ही? मी शाळा सोडली तेव्हा कुणी माझे पाढे काढून घेतले नाहीत! दुकानात पोरगी शिवण शिकून गेली तर मी तिचे हात ठेवून घेते काय?"

"ताई, नियम आहे. सगळ्यांना सारखा. मागे मुलं रांगेत आहेत."

"म्हणून हिच्या डोक्यातून काढून त्यांच्या डोक्यात घालता? विद्या दिली तर कमी होते असं ऐकलंय काय कुठं?"

शेडबाळ्यांना हे रोज ऐकायची सवय असावी. त्यांनी पाण्याचा पेला पुढं सरकवला. एवढ्यात मैथिली आत आली.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "सर म्हणतात, परत अभियांत्रिकीलाच ये, पूर्ण वडी खा, जमेल तुला. काय करू? मला इतिहास हवाय एवढं आठवतंय. का हवाय तेच आठवत नाही."

आत्या ताडकन उठली. "अगं, गजराकाकूंचं! नावेतलं!"

"कोण गजराकाकू?"

आत्या गर्रकन शेडबाळ्यांकडे वळली. आणि त्या सभ्य माणसानं त्याच मऊ आवाजात समजावून सांगितलं. वडीनंतरच्या तासात जे जे बसतं त्या सगळ्यावर खूण असते. यंत्र धडा आणि गप्पा वेगळं ओळखत नाही. संलग्न आठवणी जाऊ शकतात हे माहितीपत्रकात छापलेलं आहे, बारीक अक्षरात का होईना. आणि आता मुलीला काही सांगून उपयोग नाही. कक्षात दिलेलं औषध उद्या सकाळपर्यंत रक्तात राहतं, तोवर नवीन काही पक्कं होत नाही. आजचा दिवस तिला उद्या आठवणार नाही. खुर्चीत बसल्यावर आत्यालाही आठवणार नाही.

"थांबा. मी तुमच्याशी भांडले हे मला उद्या आठवणार नाही?"

"नाही."

"तुम्हाला आठवेल?"

"मला आठवेल."

"मग तुम्ही तरी नीट लक्षात ठेवा," आत्या म्हणाली, आणि टेबलावर हात आपटून मनात होतं ते सगळं बोलली. पोरगी इतिहास शिकायला निघाली आणि तुम्ही तिचाच इतिहास पुसलात. ती नापास होऊन पळाली असं लिहून ठेवलंत, आणि खरं काय ते जिला माहीत होतं तिच्या डोक्यातून काढून टाकलंत. आता माझ्याही डोक्यातून काढायला निघालात. म्हणजे तुमचं खोटं तेवढं उरेल. याला विद्यापीठ म्हणतात? चोर परवडला, तो निदान दाराला कडी बघून तरी येतो.

शेडबाळ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजायला फार वेळ नव्हता.

आत्या खाली बसली. रडावं असं तिला फार वाटलं, पण ती रडली नाही. वर्षभर धडे ऐकून तिला एक सवय लागली होती, यंत्र समोर आलं की ते चालतं कसं हे विचारायची.

"तुमची ती खुर्ची काढते कशी, ते तरी सांगा."

शेडबाळ्यांना समजावून सांगायला आवडत असे. "पक्की झालेली आठवण आपण पुन्हा आठवतो तेव्हा ती थोडा वेळ सैल पडते. गार झालेली वडी गरम केली की पाक सुटतो, तसं समजा. मग मेंदू ती पुन्हा प्रथिनं वापरून घट्ट करतो. त्या मधल्या वेळात आमचं औषध प्रथिनं होऊ देत नाही. आठवण पुन्हा बसत नाही, जाते. खूण दिसते म्हणून यंत्राला जागा कळते."

"आणि जे आठवलंच नाही ते?"

"ते घट्टच राहतं. म्हणून तर आम्ही प्रत्येक धड्यावर प्रश्न विचारतो. प्रश्न ऐकला की माणसाला आठवतंच."

"हं," आत्या म्हणाली. "चला. बसते मी."

"आत्या, नको," मैथिलीनं तिचा हात धरला. "माझ्यासाठी नको. तुला किती आवडतं ते सगळं." एवढं मात्र पोरीला आठवत होतं. दुधाचं पातेलं घेऊन आत्या दिवसभर काय काय बडबडायची ते वड्यांच्या तासाबाहेरचं होतं.

"तू बाहेर बस गप्प," आत्यानं तिच्या गालाला हात लावला आणि खुर्चीत जाऊन बसली. दंडाला सुई टोचली. डोक्यावर जाळीची टोपी आली. समोरच्या पडद्यावर मेंदूचं करडं चित्र, आणि खुणेची आठवण जागी झाली की तिथं नारिंगी ठिपका.

"पाइपात पाणी सगळ्यात जोरात कुठं वाहतं?"

"मधोमध," आत्या म्हणाली. कडेला ते भिंतीला धरून असतं म्हणून. पडद्यावर ठिपका पेटला, थरथरला आणि विझला. आत्याला काहीच दुखलं नाही. फक्त पुढच्या क्षणी तिला वाटलं, आपण आत्ता काहीतरी बोललो, काय बरं?

तिनं ठरवूनच टाकलं होतं. सगळंच दाबून धरलं तर या माणसाला संशय येणार. म्हणून ती देत गेली. दाबाचा धडा दिला, पंपांचा दिला, भोवऱ्यांचा दिला. दुधाच्या कडेचा प्रश्न आला, तो तिचा सगळ्यात लाडका, तरी तिनं उत्तर दिलं. पन्नाशीत लागलेलं ते वेड एकेका ठिपक्यानं विझत गेलं. आपल्याकडून काय जातंय हेही तिला थोड्या वेळानं नीट सांगता आलं नसतं, इतकं सफाईनं ते काम चाललं होतं. हरामखोर सफाई, दुसरा शब्द नाही.

मग शेडबाळे म्हणाले, "पुराचा धडा. नदीची पातळी वाढली की वेगाचं काय होतं?"

आत्यानं डोळे मिटले आणि मनात देवीचं स्तोत्र सुरू केलं. लहानपणापासून रोज, आंघोळ झाली की म्हणत आलेलं. शब्दामागून शब्द, मध्ये फट नाही. बाहेर गोंगाट असो, कुणी हाका मारो, ते स्तोत्र सुरू झालं की आत्याच्या डोक्यात दुसरं काही शिरत नसे. या एका सवयीवर मैथिलीनं आयुष्यभर तिची थट्टा केली होती.

"ताई, पुराचं उदाहरण. कृष्णेचं. आठवतंय का?"

स्तोत्र. पुढचं कडवं. नाव नाही, शाळा नाही, चहा नाही. एकदा मुठीतलं काहीतरी चमकल्यासारखं झालं आणि आत्यानं ते शब्दांखाली गाडून टाकलं.

शेडबाळ्यांनी प्रश्न फिरवून फिरवून विचारला. पडदा करडाच राहिला.

"हा धडा बाईंच्या डोक्यात शिरलाच नसावा," ते आपल्या यंत्राला म्हणाले. "अवघडच आहे तसा." आणि त्यांनी माघार पूर्ण झाल्याची नोंद केली.

आत्या टोपीखाली डोळे मिटून होती. तिला हसू येत होतं, पण हसायला स्तोत्र थांबवावं लागलं असतं.

सकाळी आत्या आंघोळ करून देवापुढं उभी राहिली तर स्तोत्राचं एक कडवं सापडेना. फक्त खुणेचंच पुसतं म्हणणाऱ्या यंत्राचं खरंखोटं त्यालाच ठाऊक. तिनं ते कडवं वगळून पुढचं म्हटलं आणि स्वयंपाकघरात आली. दंडाला पट्टी कशाची हे तिला कळेना. काल कॉलेजात जायला निघालो, रिक्षा केली, इथवर आठवत होतं. पुढं कोरं.

तिनं दूध ढवळलं. मधलं फिरत होतं, कडेचं मागं राहत होतं. आत्या थोडा वेळ त्याकडे बघत राहिली. यात बघण्यासारखं काहीतरी होतं असं तिला उगीच वाटलं, पण काय ते आठवेना.

मैथिली फोन घेऊन आली. तिच्याही दंडाला पट्टी.

"आत्या, कॉलेजचा निरोप आहे. इतिहासाला प्रवेश पक्का झालाय. पण अपयशामुळं शाखा बदललीस असं लिहिलंय, आणि परत यायचं असेल तर आज सांग, पूर्ण वडी मिळेल म्हणतात." ती ओट्याला टेकली. तिचा आवाज बारीक झाला. "जाऊ का परत? मी हे सोडलं कशासाठी तेच आठवत नाही गं मला. खरंच मार्कांसाठीच सोडलं का?"

"मार्कांसाठी?" आत्या एकदम तडकली. कशावर ते तिचं तिलाही कळलं नाही, पण राग मात्र असा उसळून आला की जणू कालपासून आतच होता. "कोण म्हणतो मार्कांसाठी? मी होते की इथं! तू इथंच बसली होतीस!"

"मग कशासाठी?"

आत्यानं शेगडीजवळचा लायटर उचलला आणि तिच्या नाकासमोर धरला. टक्.

"ह्याच्यासाठी," ती म्हणाली, आणि दूध तसंच ठेवून नावेपासून सांगायला लागली.